पश्चात्ताप, उपरती आणि दुसरे जहाज

प्रश्न : माझे वय ५८ आहे. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती असून मी अनेक वर्षे आमच्या मंडळीच्या पंच कमिटीत सेवा केली आहे. सोळा वर्षांपूर्वी वडील वारले, आई त्याआधीच गेली होती. राहते घर आणि दोन एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून मी धाकट्या बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले. ‘हा नुसता सोपस्कार आहे’ असे मी तिला सांगितले आणि तिने कागद न वाचता सही केली. त्याविषयी तिने आजवर एक शब्दही काढलेला नाही, मात्र ती माहेरी येईनाशी झाली आहे. दर रविवारी ‘पश्चात्ताप करा’ हे शब्द कानांवर पडले की माझ्या डोळ्यांत पाणी येते आणि मी मनोमन देवाची क्षमा मागतो. गेल्या महिन्यात तरुण संघाच्या शास्त्राभ्यासात एका अभ्यासू मुलाने सांगितले की मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’ असा आहे, त्याचा अर्थ केवळ ‘विचार बदलणे’ एवढाच आहे आणि ‘पश्चात्ताप’ हे भाषांतरच चुकलेले आहे. ते ऐकून मला सुटल्यासारखे वाटले, आणि सुटल्यासारखे वाटले याचीच मग भीती वाटली. माझा विचार तर केव्हाच बदललेला आहे. मग माझी मेतानोइया झाली असे समजू, की असाच रडत राहू?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय बंधू, सप्रेम सलाम.

सुटल्यासारखे वाटले आणि त्याचीच भीती वाटली, हे तुमच्या पत्रातले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ती भीती जपून ठेवा, कारण ती तुम्हाला योग्य ठिकाणी घेऊन चालली आहे. तुम्ही शब्दाचा अर्थ विचारला आहे, म्हणून मी आधी शब्दाविषयीच लिहितो. तुमच्या बहिणीचा विषय मी पुढे ढकलतो आहे असे मात्र समजू नका. तो त्या शब्दाच्या पोटातच आहे.

मेतानोइया हे नाम बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या भागात, म्हणजे नव्या करारात, २२ वेळा आणि त्याचे क्रियापद मेतानोएओ ३४ वेळा येते. त्या मुलाने शब्द फोडून दाखवला असेल : ‘मेता’ म्हणजे नंतर, आणि ‘नूस’ म्हणजे मन किंवा बुद्धी, ज्यावरून विचार करण्याचे क्रियापद बनते. आधी केलेल्या विचाराला ग्रीक भाषेत ‘प्रोनोइया’ म्हणतात. मेतानोइया म्हणजे मागाहून सुचलेला, पहिल्या विचाराला मोडून काढणारा विचार. येथे एक गोष्ट मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे. आपल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा पहिला अर्धा भाग, ‘पश्चात्’, हा ग्रीक शब्दाच्या पहिल्या भागाशी तंतोतंत जुळतो. फरक पडतो तो दुसऱ्या भागात, कारण ग्रीक शब्दात नंतर येतो तो विचार आणि आपल्या शब्दात नंतर येतो तो ताप, म्हणजे मनाचे पोळणे. एवढ्यापुरते त्या मुलाचे म्हणणे खरे आहे आणि त्याच्या अभ्यासाचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु शब्दाचे तुकडे जोडून शब्दाचा अर्थ हाती लागतोच असे नाही. ‘कुशल’ या शब्दाचे उदाहरण आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनीच दिलेले आहे : मुळात तो शब्द कुश नावाचे गवत हात न कापता तोडून आणणाऱ्यासाठी होता, पण आज कुशल सुतार म्हणताना कोणाच्याही मनात गवत नसते. शब्दाचा अर्थ तो वापरणारी माणसे ठरवतात, म्हणून मेतानोइया हा शब्द ग्रीक बोलणाऱ्यांनी कोठे आणि कशासाठी वापरला हे पाहावे लागते.

यासाठी मला बायबलच्या बाहेरचे, येशूच्या चारशेहून अधिक वर्षे आधीचे एक उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. ख्रिस्तपूर्व ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरील मितिलीनी या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढच्या वर्षी ते मोडून काढल्यावर अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठराव केला की तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि स्त्रिया व मुलांना गुलाम करावे. तो हुकूम घेऊन एक जहाज लगेच रवाना झाले. थुसिडिडीस हा इतिहासकार लिहितो की दुसऱ्या दिवशी लोकांच्या मनात लगेच एक मेतानोइया उत्पन्न झाली. आपण ठरवले ते क्रूर आहे, अपराधी कोण हे न पाहता सगळे शहरच मारायचे ठरवले, असे त्यांना वाटू लागले. पुन्हा सभा भरली, चुरशीचा वाद झाला, आणि अगदी थोड्या मतांच्या फरकाने पहिला ठराव रद्द झाला. पण ठराव रद्द झाल्याने मितिलीनीतला एकही माणूस वाचणार नव्हता, कारण पहिले जहाज साधारण एक दिवस आणि एक रात्र पुढे निघून गेलेले होते. म्हणून दुसरे जहाज सोडण्यात आले. त्यातले वल्हेकरी दारू आणि तेलात मळलेले सातूचे पीठ वल्ही मारता मारताच खात होते आणि पाळीपाळीने झोपत होते. पहिले जहाज नकोशा कामावर निघालेले असल्याने सावकाश जात होते, आणि तेथील सेनापतीने हुकूम वाचून तो अमलात आणण्याची तयारी केली तेवढ्यात दुसरे जहाज बंदरात शिरले.

बंधू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन जहाजांत दिसते. अथेन्सच्या लोकांचा विचार बदलला हे अक्षरशः खरे आहे, आणि थुसिडिडीसने वापरलेला शब्दही तोच आहे. मात्र त्यांनी विचार बदलून घरी जाऊन शांत झोप घेतली असती, किंवा रात्रभर रडून काढली असती, तर या दोन्हींचा परिणाम मितिलीनीच्या रहिवाशांसाठी एकच झाला असता. तुमचे पहिले जहाज सोळा वर्षांपूर्वी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून निघाले. तुमचा विचार बदलला असला तरी ते अजून त्याच दिशेने चालले आहे, कारण सातबारा आजही तेच सांगतो. दुसरे जहाज तुम्ही अद्याप सोडलेले नाही.

आता शास्त्राकडे येऊ. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतील, शास्त्राचे जे ग्रीक भाषांतर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून तयार होऊ लागले, त्यातील योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढून पाहा. योनाचा इशारा ऐकून निनवे शहराचे लोक आपल्या दुष्ट मार्गापासून फिरले असे तेथे म्हटले आहे, आणि मेतानोएओ हे क्रियापद मात्र लोकांसाठी न वापरता देवासाठी वापरले आहे : देवाने त्यांच्यावर आणीन म्हटलेल्या अरिष्टाविषयी आपले मन बदलले आणि ते आणले नाही. देव पापासाठी रडला असा अर्थ तेथे होऊच शकत नाही. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू निनवेकरांची आठवण काढतो, तेव्हा तेच क्रियापद लोकांसाठी येते. म्हणजे अश्रू हा या शब्दाचा गाभा नव्हे, हे त्या मुलाचे म्हणणे येथे टिकते. पण त्याच अध्यायात निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसले आणि उपास केला असेही सांगितले आहे, आणि तरी शेवटी वाक्य येते की देवाने त्यांची कृत्ये पाहिली. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात सांगितले आहे की, दुष्काळात उपासाच्या दिवशी मंडळीतील सर्वांत वृद्ध माणसाने उभे राहून लोकांना नेमकी हीच गोष्ट दाखवून द्यावी : देवाने त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिले असे लिहिलेले नाही, त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिलेले आहे.

येशू अरामी बोलत होता आणि त्याच्यामागे इब्री संदेष्ट्यांची परंपरा होती. त्या संदेष्ट्यांचा आवडता शब्द ‘शूव’, म्हणजे मागे फिरा, वळा. चुकीच्या वाटेवर चाललेल्या माणसाने आपण चुकलो हे ओळखणे आवश्यक असते, चुकलो म्हणून वाईट वाटणेही स्वाभाविक असते, पण संदेष्टे त्याला जे करायला सांगतात ते पायांचे काम आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे आपल्या साऱ्या उपदेशाचे सार सांगतो, तेव्हा तो तीन गोष्टी एका दमात म्हणतो : लोकांनी मेतानोइया करावी, देवाकडे वळावे आणि त्या मेतानोइयेला शोभतील अशी कृत्ये करावीत. ‘केवळ विचार बदलणे’ या अर्थातला ‘केवळ’ हा शब्द त्या मुलाने कोठून आणला हे मला ठाऊक नाही. पौलाच्या या वाक्यात तरी त्याला जागा नाही.

याहून थेट उतारा लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे आणि तो तुम्ही सावकाश वाचावा असा माझा आग्रह आहे. बाप्तिस्मा करणारा योहान मेतानोइयेचा बाप्तिस्मा सांगत फिरतो, तिला योग्य अशी फळे द्या म्हणतो, आणि लोक त्याला विचारतात की मग आम्ही काय करावे. तो एकालाही रडायला सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, जकातदारांनी ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी जुलमाने कोणाकडून काही काढू नये आणि आपल्या पगारात तृप्त राहावे. प्रत्येकाला तो त्याच्याच हातातल्या वस्तूविषयी बोलतो, आणि लक्षात घ्या, तिन्ही उत्तरे कापड आणि पैसा यांच्याविषयी आहेत. तुम्ही त्या रांगेत उभे राहून ‘आम्ही काय करावे’ असे विचारले असते, तर योहानाने घर आणि दोन एकर यांच्याविषयीच उत्तर दिले असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग अश्रूंचे काय? ग्रीक भाषेत पस्तावण्यासाठी दुसरे एक क्रियापद आहे, मेतामेलोमाई. केलेल्या गोष्टीची नंतर रुखरुख लागणे असा त्याचा अर्थ असून ते नव्या करारात फक्त सहा वेळा येते. येशूला धरून देणारा यहूदा पस्तावला असे मत्तय सांगतो तेव्हा तो हेच क्रियापद वापरतो. यावरून काही उपदेशक फार सोपी विभागणी करतात, की मेतामेलोमाई म्हणजे खोटा पस्तावा आणि मेतानोइया म्हणजे खरा. मला ती मान्य नाही, कारण त्याच मत्तयात दोन मुलांच्या दाखल्यात आधी ‘जाणार नाही’ म्हणणारा आणि नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला जाणारा जो चांगला मुलगा आहे, त्याच्यासाठीही मेतामेलोमाईच आले आहे. शिवाय यहूदाने चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली होती आणि आपला अपराध तोंडाने कबूलही केला होता. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारले आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला, त्या ठिकाणी तर या दोहोंपैकी एकही शब्द नाही. शब्दकोशातला एक शब्द उचलून कोणाच्या अंतःकरणाचा निवाडा करता येत नाही, तुमच्याही नाही.

ताप आणि विचार यांचे नाते पौलाने जितके नेमके मांडले आहे तितके मला दुसरीकडे कोठे आढळले नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो लिहितो की, माझ्या आधीच्या पत्राने तुम्हाला दुःख झाले याचे मला मध्यंतरी वाईट वाटले होते, पण आता वाटत नाही. कारण तुमचे दुःख तुम्हाला मेतानोइयेपर्यंत घेऊन गेले. देवाला अनुसरून झालेले दुःख अशी मेतानोइया घडवते की जिच्याबद्दल पुढे कधी पस्तावावे लागत नाही. जगाचे दुःख मात्र मरण घडवते. एका वाक्यात त्याने दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत. दुःख ही वाट आणि मेतानोइया हे त्या वाटेवरचे गाव, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यामुळे रडणे निरर्थक आहे असे म्हणणारा पौलाच्या विरुद्ध बोलतो, आणि रडणे पुरेसे आहे असे म्हणणाराही त्याच्याच विरुद्ध बोलतो. सोळा वर्षे तुम्ही वाटेवर बसून आहात. वाट खरी आहे, पण गाव अजून पुढे आहे.

भाषांतर चुकले का, याविषयी थोडक्यात सांगतो. हा वाद फार जुना आहे. ख्रिस्ती विद्वान जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करा’ या हाकेचे भाषांतर ‘पेनितेन्शियम आगिते’ असे होते, आणि त्यातून ‘प्रायश्चित्ताचे विधी करा’ असाही अर्थ घेतला जाई. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून त्यावर टीपा लिहिल्या, तेव्हा ‘शुद्धीवर या’ अशा अर्थाचे क्रियापद अधिक योग्य ठरेल असे सुचवले. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच याविषयी आहे : प्रभूने ही आज्ञा केली तेव्हा विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्यच तसे असावे असा त्याचा हेतू होता. मूळ भाषेकडे परत जाणाऱ्या या माणसांनी आज्ञा हलकी केली नाही. एका विधीपुरती आटोपत असलेली गोष्ट त्यांनी रोजच्या जगण्यावर आणून ठेवली. आपल्या पंडिता रमाबाईंनीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून, इब्री व ग्रीक शिकून, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केले, ते साध्या बायाबापड्यांना देवाचे वचन अधिक स्पष्ट ऐकू यावे म्हणून. ग्रीक शिकण्याचा उपयोग तोच आहे. एखाद्या शब्दाची फोड ऐकून आपल्या खांद्यावरचे ओझे दुसऱ्याचे काहीही देणे न चुकवता उतरले असे वाटू लागले, तर ती फोड पुन्हा तपासावी.

माझ्या मते ‘पश्चात्ताप’ हा शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. ‘उपरती’ हा आपला शब्द मला मेतानोइयेच्या अधिक जवळचा वाटतो. त्याला उपरती झाली असे आपण म्हणतो तेव्हा तो माणूस नुसता हळहळला असे आपल्याला सांगायचे नसते, तर तो होता त्या मार्गावरून परतला असे सांगायचे असते. पण शतकानुशतके प्रार्थनेत रुळलेला शब्द कोणाच्या सांगण्यावरून बदलत नाही आणि तो बदलण्याची गरजही नाही. तो ऐकताना त्यातला ‘ताप’ कोठे घेऊन जातो हे विसरू नये, इतकेच.

आता तुमच्या घराविषयी. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ हा ख्रिस्ती कुटुंबांना लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. आईवडील दोघेही नसताना अर्धा वाटा तुमच्या बहिणीचा होता. तुम्ही तिच्याकडून सोडवून घेतले ते मेहेरबानीने मिळणारे काही नव्हते, तिच्या मालकीचे होते, आणि तेही खोटे सांगून घेतले. हे वाक्य कठोर आहे, पण तुम्ही स्वतःच पत्रात ते जवळजवळ याच शब्दांत लिहिले आहे, म्हणून ते तुम्हाला पेलेल असे मला वाटते. तिच्या गप्प राहण्याला तुम्ही संमती समजत आलात की काय, अशी मला शंका आहे. पौल रोमकरांना विचारतो की देवाची ममता आणि सहनशीलता तुला मेतानोइयेकडे नेत आहे हे तू ओळखत नाहीस काय. तुमच्या बहिणीच्या सोळा वर्षांच्या मौनाकडे या वाक्याच्या उजेडात पाहा.

आधी पत्नीशी आणि मुलांशी बोला, कारण ती मालमत्ता आपली आहे असे समजून ती वाढली आहेत आणि त्यांना हे बाहेरून कळणे अन्यायाचे होईल. नंतर चांगल्या वकिलाला भेटून बहिणीचा अर्धा वाटा बक्षीसपत्राने किंवा अन्य मार्गाने तिच्या नावावर कसा करता येईल, मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च किती येईल, हे नीट समजून घ्या. जमीन विभागणे शक्य नसेल तर आजच्या बाजारभावाने रक्कम देण्याचा विचार करा, सोळा वर्षांपूर्वीच्या भावाने नव्हे. मगच तिच्याकडे जा, फोनवर बोलू नका, आणि कोणाच्या लग्नात किंवा अंत्यविधीत हा विषय काढू नका. त्या हक्कसोडपत्राची प्रत सोबत न्या आणि मी तुला हा सोपस्कार आहे असे सांगितले ते खोटे होते, हे तिच्या समोर तुमच्या तोंडाने म्हणा. मंडळीत उभे राहून साक्ष देण्याचा मोह झाला तर तो आवरा, निदान या भेटीपर्यंत. वेदीपुढे दान ठेवून आधी जाऊन भावाशी समेट कर, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे, आणि तेथे बहीणही आलीच.

तिने क्षमा करावी अशी अपेक्षा घेऊन जाऊ नका. ती कदाचित रागावेल, कदाचित काही घेणार नाही म्हणेल, कदाचित दार उघडून पाणी देईल आणि काहीच बोलणार नाही. तिने नको म्हटले तर लगेच सुटका झाली असे समजून परतू नका. तिला वेळ द्या, पुन्हा विचारा, आणि तिच्या मुलांचा विचार करा. दुसरे जहाज वेळेवर पोचले तरी अथेन्सने बंडाचे पुढारी ठरवलेल्या हजारावर माणसांना ठार केले आणि मितिलीनीचे तट पाडले, हेही थुसिडिडीसने लपवलेले नाही. सोळा वर्षांतल्या ज्या नाताळांना ती माहेरी आली नाही, ते नाताळ तुम्हाला परत देता येणार नाहीत. जमीन मात्र देता येते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रविवारी कबुलीच्या प्रार्थनेत पुन्हा डोळ्यांत पाणी आले तर ते पुसू नका, येऊ द्या. आणि जमले तर उपासना आटोपल्यावर त्या तरुण मुलाला घरी चहाला बोलवा, लूकचा तिसरा अध्याय त्याच्यासोबत ग्रीकमधून वाचा, आणि तुमच्या बहिणीच्या गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ त्यालाच पाहायला सांगा.